कपबशी, छत्री आन माझी पोरगी

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सकाळपास्नं मी दोनदा दूध उतू घालवलं आन का ते कुणाला सांगायची सोय नव्हती. गल्लीतल्या बायका म्हणत हुत्या, सून बघा सासूची किती काळजी करत्या, चहा बी उतरंना तिच्या घशाखाली. काळजी कसली, मला भ्या वाटत हुतं. आमच्या घरातलं एक मत फुटलं हुतं, आन ते माझं हुतं.

पयल्यापास्नं सांगते, न्हायतर मलाच धाप लागंल.

आमचं गाव कोल्हापूरपास्नं एस्टीनं तासाभरावर, नगरपालिका असलेलं. माझं म्हायेर चंदगडाकडं. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, हितं आले. हितल्या बायका बाप्यावानी ‘जातो, येतो’ म्हणत्यात, मला ते अजून जमत न्हाय. सासूला आत्ती म्हणायचं हे तेवढं जमलं. तर आमच्या वॉर्डातली एक जागा बायकांसाठी सुटली. सासऱ्यांनी किती वर्षं उभं ऱ्हायाची तयारी केल्ती, पांढरी कापडं शिवून ठेवल्ती, ती पेटीत तशीच ऱ्हायली आन आत्ती उभ्या ऱ्हायल्या. दुसऱ्या आघाडीनं काय केलं, आत्तींच्याच थोरल्या जावंला उभं केलं. मी त्यास्नी मोठ्या आत्ती म्हणते. दोघींची घरं एका भिंतीला. भिंतीत एक बारकी खिडकी हाय, तिच्यातनं आमचं विरजण तिकडं जातंय आन तिकडची कोथमीर इकडं येती. फॉर्म भरला त्या दिवशी सासऱ्यांनी त्या खिडकीवर पुठ्ठा ठोकला.

आमच्या आत्तीस्नी चिन्ह म्हणून कपबशी मिळाली, मोठ्या आत्तीस्नी छत्री. झालं, आमच्यात छत्री बंद. घरातल्या दोनी छत्र्या माळ्यावर गेल्या. मधीच अवकाळी पाऊस लागला तर सासरे डोक्यावर खताचं पोतं घिऊन डेअरीला दूध घालाय गेले. तिकडं मोठ्या आत्तींनी बशीतला चहा सोडला, स्टीलच्या पेल्यातनं प्यायला लागल्या आन वठ भाजून घेतला. हे आमाला भिंतीतनं ऐकू आलं.

सासऱ्यांनी पुठ्ठ्याचं एक मशीन केलं, मतदान शिकवायला. एका बाईनं तीन मतं द्यायची, एक नगराध्यक्षाला आन दोन वॉर्डातल्या दोन जागांस्नी. मधली चिठ्ठी आमच्या बायकांच्या जागंची, तिच्यात सगळ्यात वर छत्री, तिच्याखाली कपबशी. बटणं म्हणून शर्टाची बटणं चिकटवल्ती. गल्लीतल्या म्हाताऱ्या रोज सांच्याला शिकायला यायच्या, बटण दाबायच्या, आन सासरे तोंडानं ‘पीं’ करायचे. आता माझी पोरगी दीड वर्षाची, ती गप बसती व्हय. ती बी माझ्या कमरंवरनं वाकून दाबायची. तिचा हात पुरायचा तो वरच्याच बटणाला. मग सासरे ‘पीं’ करायचे, म्हाताऱ्या टाळ्या वाजवायच्या, आन पोरगी बी वाजवायची. पंधरा दिवस हे चाललं. कुणाच्या डोक्यात आलं न्हाय की आपण पोरीला छत्री शिकवाय लागलोय.

मतदानाला मी पोरीला घिऊन गेले, कारण ती कुणाकडं ऱ्हाईना. आडोशाला गेले, नगराध्यक्षाचं बटण दाबलं. मधल्या चिठ्ठीत कपबशी शोधाय वाकले, तवर हिनं हात घातला आन वरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. पोरीनं टाळ्या वाजवल्या.

मी तिथनंच इचारलं, “साहेब, हे पुसता येतंय काय?”

साहेब वर न बघता म्हणाले, “बाई, शेवटचं बटण दाबा, रांग खोळंबली.”

दाबलं. मशीननं लांब पीं केलं. पोरीनं परत टाळ्या वाजवल्या.

भाईर आत्ती उभ्याच हुत्या. इचारलं, नीट दाबलं न्हवं? मी म्हणलं, व्हय.

आता निकाल. मोजणी हायस्कूलच्या हॉलात हुती. फाटकाभाईर एका अंगाला आमची माणसं, एका अंगाला तिकडची, मधी एक पोलीस. दोनीकडं गुलालाची पोती आन दोनीकडं हलगीवाले. उमेदवार आत, म्हंजे दोनी आत्ती आत. मी आत्तींचा डबा घिऊन गेल्ते, पोरगी काखंत.

दुपारी भोंग्यावरनं सांगितलं की मधल्या जागंला दोघींस्नी सारखीच मतं पडल्यात. परत मोजली, परत सारखीच. आमच्याकडच्या हलगीवाल्यानं दोनदा हात उचलून खाली घेतला. मला गणितात कवा पास व्हायापुरतं मार्क पडलं न्हाईत, पर हे गणित उभ्या उभ्या सुटलं. हिनं हात घातला नसता तर आमचं एक वाढतं आन त्यांचं एक कमी हुतं, आत्ती निवडून आल्या असत्या.

आन मग समदी ते एक मत हुडकाय लागली. सासरे मतदार यादी उघडून एकेक नाव बघाय लागले. माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ इचलकरंजीला कामाला हाय, मतदानाला येतो म्हणाला आन आला न्हाय, त्याचीच एस्टी चुकली म्हणं. नवऱ्यानं त्याला फोन लावून फाटकात उभं ऱ्हाऊन असं धुतलं की पोलिसानं बी कान देऊन ऐकलं. मला वाटलं मधी पडावं आन सांगावं, पर मी पोरीचं टोपडं सारखं करत ऱ्हायले. आत्तींस्नी कळलं तर मला चंदगडाच्या एस्टीत बसवून येतील, एवढंच डोक्यात.

तवर आतनं एक शिपाई आला. चिठ्ठी टाकायची ठरली हुती, जिचं नाव निघंल ती निवडून येणार, आन चिठ्ठी काढायला वाचता न येणारं बारकं पोर पायजे हुतं. भाईर जमलेली पोरं समदी शाळंतली. पोलिसानं इकडंतिकडं बघितलं आन माझ्या काखंतल्या पोरीकडं बोट केलं.

मी म्हणलं, तिला ताप हाय. सासरे म्हणाले, सकाळी तर नव्हता. मला आत न्हेलं.

साहेबांनी इचारलं, ही कुणाची पोरगी? आमच्या आत्ती म्हणाल्या, माझी नात. मोठ्या आत्ती म्हणाल्या, माझी बी नातच की, माझ्या मांडीवर वाढल्या ती. साहेबांनी डोकं खाजवलं. दोघींची असली तर दोघींची हरकत नसावी, असं म्हणून दोघींच्या कागदावर सह्या घेतल्या. त्या दिवसात दोघी पयल्यांदाच एका कागदावर आल्या. मी मनात म्हणत हुते, हाच हात नको, ह्या हाताला सवय वाईट लागल्या.

बिस्किटाची मोकळी बरणी आणली. स्केचपेननं दोन चिठ्ठ्या लिवल्या, घड्या घातल्या, हलवल्या. पोरीनं हात घातला, एक चिठ्ठी काढली, सगळ्यांकडं बघितलं आन तोंडात टाकली.

दोनी आत्ती एकदमच पुढं आल्या. दोघींची बोटं तिच्या तोंडात जायच्या आधी साहेब उभं ऱ्हायले आन म्हणाले, “कुणी हात लावायचा नाही. फक्त आईनं.”

मी बोट घातलं, ती चावली. परत घातलं, परत चावली. शेवटाला चिठ्ठी निघाली, पर काय निघाली म्हणायचं, भिजल्या भाकरीवानी लगदा. साहेबांनी रुमालानं उघडली. दोघींचं आडनाव एकच, ते तेवढं दिसत हुतं. नावाच्या जागी निळा डाग.

मग साहेबांनी बरणीतली दुसरी चिठ्ठी उघडली. तिच्यावर आमच्या आत्तींचं नाव हुतं. म्हंजे चावलेली मोठ्या आत्तींची, आन त्याच निवडून आल्या.

आमच्या आत्ती गप बसणाऱ्यातल्या न्हाईत. म्हणाल्या, “साहेब, मी सांगतो, पोरीनं जिला खाल्ली ती गेली. जी उरली ती आली. रीत बघा.”

साहेबांनी पाणी प्यालं आन सांगितलं की असली रीत कायद्यात न्हाय.

भाईर तिकडची हलगी सुरू झाली. आमचा गुलाल पोत्यातच घरी आला. वाटंनं कुणी माझ्या पोरीला काय बोललं न्हाय, बारकं लेकरू, त्याला काय कळतंय म्हणले. समद्यांनी मावसभावालाच धरलं. मी पदरात तोंड घालून चालले हुते.

घरी आले, पोरीला खाली सोडलं, आन ती सरळ कोपऱ्यातल्या त्या पुठ्ठ्याच्या मशीनकडं गेली. वरचं बटण दाबलं. टाळ्या वाजवल्या. कोण ‘पीं’ करंना म्हणून आत्तींकडं बघाय लागली.

आत्तींनी पोरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मानंनंच व्हय म्हणलं, डोळ्यातनं पाणी. भाईर सोप्यात नवरा अजून फोनवर मावसभावाला झाडत हुता.

आत्तींनी मशीन उचललं, मागल्या दारी पाण्याच्या बंबात घातलं आन ते जळूस्तवर तिथंच बसल्या. मी बाजूला उभी, एस्टीची वेळ काय असंल ह्याचा इचार करत.

मग त्या हळू म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस. त्या पोराला चार दिवस शिव्या खाऊ दे, त्यानं येतो म्हणून यायचं तरी हुतं.”

मी म्हणलं, आत्ती, मला म्हायेरी धाडणार न्हवं?

“तुला धाडलं तर पोरगी कोण बघंल? आन रडायचं काय त्यात. जावंच्या पारड्यात एक मत माझ्या घरातलं पडलंय. म्हंजे माझ्या दारातलं गटार तिनं पयलं करायला पायजे. तिला सोडतो व्हय मी.”

दुसऱ्या दिवशी उन्हाचं त्यांनी माळ्यावरची छत्री काढायला लावली, धूळ झाडली, पोरीला कमरंवर घेतलं आन मोठ्या आत्तींची मिरवणूक बघायला निघाल्या. सासरे म्हणाले, छत्री? आत्ती म्हणाल्या, ऊन हाय. मी भिंतीतल्या खिडकीचा पुठ्ठा काढला. पलीकडं मोठ्या आत्ती मिरवणुकीला निघायच्या आधी केसातला कालचा गुलाल झटकत, बशीत वतून चहा पीत बसल्या हुत्या. मला बघून म्हणाल्या, विरजण हाय काय गं, चार पावणं आल्यात.

मी दिलं. गटार अजून झालं न्हाय. पर आत्ती रोज सकाळी त्या खिडकीत जाऊन उभ्या ऱ्हात्यात.