झाडून ठेवलेलं आखर

तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, तू आता शहरात राहायला गेलीस का? मी कुठेही गेले नाही, बाळांनो. आमचं गाव नागपूरच्या हद्दीत घेतलं, एवढंच. फोनवर मी नुसतं "हो" म्हणाले आणि तुम्ही माझं अभिनंदन केलंत. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की मला जरा धीर येतो.

तुमचे आजोबा गेल्यावर रामदासपेठेतलं घर बंद करून मी इथे माझ्या धाकट्या जावेकडे आले, हे तुम्हाला माहीत आहे. मी सदरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, ती चौथीत शाळा सुटलेली. आमचं पटेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मला कपांच्या दांड्या एका बाजूला लागतात. ती म्हणते, "ठेवा कसेबी. कप काही पळून नाही जात, बाई." तिला मूलबाळ नाही, दीरही गेले, शेत फार पूर्वीच मोठ्या रस्त्यात गेलं. उरल्या पाच गायी. तुमच्यातली धाकटी जिला घाबरून माझ्या मागे लपली होती, ती तांबडी गाय त्यातलीच.

गायी जगतात त्या गावाच्या चराऊ रानावर. रानाच्या तोंडाशी जी मोकळी जागा आहे तिला इकडे आखर म्हणतात. सकाळी गावातली सगळी ढोरं तिथे जमतात, मग गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना रानात घेऊन जातो. तिथला शेणाचा वास सकाळी माझ्या खोलीपर्यंत येई, आणि मी खिडकी लावून घेई.

हद्द वाढणार हे कळलं तेव्हा गाव खूश होतं. नळ येणार होता. जाऊही हसून म्हणाली की आता तुमचे कप दोनदा धुवा. मग हळूहळू बातमी आली की आखर आणि रान कचऱ्याच्या कारखान्यासाठी मागितलंय. सरपंचबाई तालुक्याला जाऊन विचारून आल्या. जागा गावाच्या वापरात असेल तर सोडतील, साहेब एकदा पाहणीला येतील, असं त्यांना सांगितलं गेलं.

आता आमच्या गावाची एक गोष्ट. फार वर्षांपूर्वी स्वच्छ गाव म्हणून आम्हाला बक्षीस मिळालं होतं. त्याची पाटी अजून पंचायतीच्या भिंतीवर आहे. तेव्हापासून साहेब येणार म्हटलं की गाव झाडायचं, हे इथल्या बायकांच्या अंगवळणी पडलंय. जागा आपण किती चांगली ठेवतो हे दिसलं की साहेब ती आपल्याकडेच ठेवतील, असं सगळ्यांचं मत पडलं. कोणाला त्यात वावगं दिसलं नाही.

पाहणीच्या दिवशी मी डोळे दाखवायला रामदासपेठेत गेले होते. संध्याकाळी परतले तर आखर ओळखू येईना. शेण उचललेलं, सडा घातलेला, कडेने रांगोळी. ढोरं पहाटेच नाल्यापलीकडे हाकलली होती, पाहुण्यांच्या पायात घाण नको म्हणून. जाऊ दारातच उभी होती. साहेबांनी चहा घेतला, जागेची तारीफ केली, आणि इथे जनावरं येतात का असं विचारलं, हे तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, साहेब, शेनाचा एक पो दाखवा मले. सकाळपासून झाडून राहिली मी."

त्या रात्री ती सुखाने झोपली. मीही.

पुढे तालुक्याला सुनावणी झाली, तिथे आम्ही दोघी गेलो. साहेबांनी पाहणीचा कागद वाचला. जागा मोकळी, जनावरं आढळली नाहीत, शेणाच्या खुणा नाहीत. जाऊ उठून उभी राहिली. साहेब येणार होते म्हणूनच ढोरं नेली, नाहीतर रोज तिथेच असतात, हे तिने दोनदा सांगितलं.

"मावशी, मी पाहिलं ते लिहिलं," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

मग मी बोलले, इंग्रजीत. का, ते सांगता येत नाही. घाबरले की मला तीच भाषा येते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मराठीत उत्तर दिलं की पाहणी एकदाच होते.

आता आखराभोवती पत्रे ठोकलेत. गायी सवयीने तिथेच जातात, पत्र्याला तोंड लावून दुपारपर्यंत उभ्या राहतात. तांबडीच्या फासळ्या दिसायला लागल्यात. जावेने रस्त्याच्या कडेला चारून पाहिलं, ट्रकखाली जाता जाता एक वासरू वाचलं. परवा तिचा पारशिवनीकडचा भाऊ येऊन गेला. तो गायी घेऊन जाईल. तिलाही चल म्हणाला. ती गेली तर या घरात मी कोणासाठी चहा ठेवू, हे मला कळत नाही, आणि तिला राहा तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

सुनावणीपासून तिने झाडू हातात घेतलेला नाही. दुपारनंतर गायी दारातच बांधते. अंगणात शेण पडून आहे, ओट्यापर्यंत आलंय. काल मला राहवलं नाही, मी झाडू घेतला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या, बाई. येनाऱ्या-जानाऱ्याले दिसू द्या, इथं ढोरं होती म्हनून."

उद्या गायी न्यायला टेम्पो येणार आहे. मी खिडकी उघडी ठेवली आहे. अंगणातलं शेण आम्ही दोघींनीही उचललेलं नाही.