अर्ध्या दाढीनं उठू नये

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. करणी, भूतबाधा, अंगात येणं... असल्या गोष्टींवर हॉस्टेलमध्ये तासन्‌तास वाद घातले आहेत, आजही घालीन. फक्त एका सकाळबद्दल गप्प बसतो. ती इथे लिहितो.

कळंबला बसस्टँडजवळ आमचं सलून आहे. दहा बाय आठची खोली, एक आरसा आणि आजोबांच्या काळची सागवानी खुर्ची. आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले. दोन वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले आणि दुकान बंद पडलं. पण याच दुकानावर मी शिकलो, घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो. म्हणून ठरवलं होतं — नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी दाढी करायची ती आजोबांच्या पोलादी वस्तऱ्यानंच. पंधरा दिवस फुग्याला साबण लावून हात बसवला. पहिल्याच दिवशी सात फुगे फुटले. आई म्हणाली, "वाढदिवस हाय का कोणाचा?"

मेडिकल सर्टिफिकेटमुळे आधीच उशीर झाला होता. यवतमाळच्या ऑफिसात अकरापर्यंत हजर व्हायचं होतं, मुदतीचा शेवटचा दिवस. आठ वाजता दुकानात गेलो आणि शटर आतून ओढून घेतलं. कारण सांगायला आज लाज वाटते... 'साहेब झाला तरी वस्तरा सुटला नाही' असं कोणी म्हणू नये, म्हणून.

उजवा गाल नीट झाला. मग हनुवटीखाली कापलं. रक्त पाहून धीरच सुटला. घड्याळात साडेआठ झालेले. म्हटलं, उरलेली घरी साध्या रेझरनं करू. उठायला लागलो —

आणि डोक्यावर तळवा पडला.

रुंद, कोरडा, जड. आरशात मी एकटाच होतो, पण टाळूवरचे केस दबलेले दिसत होते. मी जेवढा जोर करीन तेवढाच वरून दाब. वस्तरा खाली ठेवायला गेलो तर हात अडला. तो एकाच बाजूला जात होता, डाव्या गालाकडे. पातं गळ्याशी, शटर बंद. मी ओरडलो.

बाबा मला बोलवायलाच आले होते. बाहेरून म्हणाले, "काहून रे? गाडी निघते नं!"

"बाबा, मले उठता येऊन नाही राह्यलं! कोणीतरी डोकं धरलं हाय!"

शटर खडखडलं. बाबांच्या हातांनी ते वर जाईना. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "दाढी किती झाली?"

"अर्धी."

"मंग पुरी कर. अर्ध्या दाढीनं तुहा आजा कोणाले उठू देत नोता. पाटलालेही नाही."

"मले नाही जमत! कापलं हाय!"

"जमते. चामडं ताण. वस्तरा निजव. केसाच्या वाटेनं खाली ये. जोर नको लावू, त्याचं वजनच पुरे."

शटरपलीकडून बाबा सांगत गेले, मी करत गेलो. गाल, जबडा, मान. डोकं मी वळवलं नाही. ते वळवलं गेलं. शेवटचा हात फिरला, आणि टाळू हलकी झाली.

मी शटर उघडलं. बाबा आत आले. थरथरत्या हातानं तुरटी फिरवली आणि म्हणाले, "पळ आता." बस गेली होती. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर गेलो आणि अकराला दहा कमी असताना रजिस्टरवर सही केली.

एक डॉक्टर मित्र म्हणतो, भीतीनं स्नायू आखडतात. असेलही. पण दबलेले केस मी आरशात पाहिले होते.

आता दर रविवारी मी कळंबला जातो आणि शटर सताड उघडं ठेवून बाबांची दाढी करतो. गेल्या रविवारी डोळे मिटूनच ते म्हणाले, "डोकं कायले दाबतं रे एवढं? मी कुठी पळून चाललो का?"

माझ्या उजव्या हातात वस्तरा होता. डाव्यानं मी त्यांचा गाल ताणला होता.

मी वस्तरा निजवला. दाढी पूर्ण केली.