अप्पांच्या राखणीतला कागद

उदगीरच्या बाजारात किराणा दुकान चालवणारे चन्नबसप्पा, सगळ्यांचे अप्पा, म्हणजे ताक सोडाच, पाणीसुद्धा फुंकून पिणारा माणूस. दूधवाल्याचं दूध ते घरच्या मापाने पुन्हा मोजत. देवळात जाताना चपला पिशवीत घालून आत नेत. बायको, शिवगंगाबाई, म्हणायच्या, यमदूत आला तरी हे आधी त्याचं ओळखपत्र बघतील.

गल्लीतल्या लिंगायत मठाचा जुना कागद अशाच माणसाच्या हाती हवा, असं सगळ्यांचं मत होतं. कागद फारसीत, वाचणारं कोणी नाही. पहिल्या स्वामींनी तो स्वतःच्या हाताने लिहिला अशी समजूत, म्हणून महाशिवरात्रीला त्याची पूजा व्हायची. अप्पांच्या आजोबांनी केली, वडिलांनी केली आणि गेली अठ्ठेचाळीस वर्षं अप्पा करत होते. कागदाच्या पेटीची किल्ली त्यांच्या करदोट्याला असे. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोणाचं बोट त्या कागदाला लागलं नव्हतं.

यंदा कोणीतरी तहसीलला अर्ज दिला की मठाची नऊ एकर जमीन सरकारी आहे. त्याच जमिनीच्या उत्पन्नावर मठातला रोजचा दिवा जळे. जुना पुरावा आणा, असं तहसीलने कळवलं. मग मठाचे विश्वस्त मल्लिनाथ कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या धम्मप्रियाताईंना घेऊन आले. हैदराबादेत राहून त्या फारसी शिकल्या होत्या. एक पैसा घेणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि अप्पांच्या मनात पाल चुकचुकली. फुकट काम करणाऱ्याचा डाव मोठा असतो, हे त्यांचं दुकानातलं शिक्षण. ही बाई कागद बदलणार, नाहीतर फोटो काढून त्या अर्जदाराला देणार. त्यांनी मठाचं दार लावून घेतलं, फोन बाहेर ठेवायला सांगितला आणि कागदाचं एक टोक चिमटीत धरूनच तो ताईंसमोर पसरला.

ताईंनी मुकाट्याने वाचलं. कागद स्वामींचा नव्हता, बादशाही सनद होती. ओढ्याच्या वरच्या अंगाची जमीन इथल्या जंगमांना, म्हणजे मठाच्या पुजाऱ्यांना, दिव्याच्या तेलासाठी दिली आहे, त्यांनी ती कसावी आणि राज्य टिकावं म्हणून प्रार्थना करावी, असा हुकूम होता. हिजरी साल अकराशे तीन.

"म्हणजे आलमगीर बादशहाचा काळ, अप्पा. औरंगजेब."

अप्पांना आधी वाटलं, बाई थापा मारते. त्या नावाच्या कागदाला आपण अर्धं आयुष्य बेल वाहिला? पण दुकानदाराची बुद्धी लगेच जागी झाली. देणारा कोणी का असेना, दिवा तर महादेवाचाच जळला. आणि बादशहाची सनद म्हटल्यावर तहसीलवाल्यांची काय टाप आहे!

"नाव कुठं हाय त्याचं? मला दावा," ते म्हणाले.

ताईंनी कागदाच्या माथ्यावर बोट नेलं. तिथे रुपयाएवढा पांढरा थर होता, खालचा कागद झिजून जाळी झालेला. नाव शिक्क्यात असतं आणि शिक्का इथेच होता, त्या म्हणाल्या. तो नसला तर ही नक्कल की अस्सल, हे कोणी सांगू शकणार नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे कोणी केलं?"

संशय घ्यायला अप्पांनी सवयीने आजूबाजूला पाहिलं. मल्लिनाथ खाली बघत होते.

"स्वामींचं कपाळ हाय म्हणायचे आजोबा तिथं," अप्पा म्हणाले. "ओली विभूती लावायची, अंगठ्यानं दाबून. मीच लावत आलो की दर शिवरात्रीला."

अप्पांच्या चिमटीतून कागदाचं टोक सुटलं. त्यांना वाटलं, हिने कागद खरंच चोरला असता तर बरं झालं असतं, शिव्या द्यायला कोणीतरी मिळालं असतं.