रोझाबायचं नखेत्र

खिडकीच्या काचांवर काळा कागद चिकटवायला आईने तांदळाच्या पिठाची खळ शिजवली होती... तिचा तो कोमट, आंबूस वास आजही नाकात आहे. बांगलादेशच्या लढाईचा तो डिसेंबर. पेडण्यातल्या आमच्या घरी दिवेलागण व्हायची ती कंदिलावर फडकं टाकूनच. गोवा मुक्तीच्या वेळच्या विमानांच्या गोष्टी ऐकून मी आधीच भेदरलेली. काजूच्या बागेवरून घार गेली तरी आईच्या पदराआड लपायची. पाकिस्तानातून विमानं येतात एवढंच ठाऊक होतं. तिकडे माणसंही राहतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कुंपणापलीकडे रोझाबाय राहायची. नाताळ जवळ आला की बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन ती नखेत्र बांधायची — चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील — आणि अंगणातल्या फणसावर टांगायची. तिचा धाकटा भाऊ कराचीत स्वयंपाकी होता. तोही तिथे असंच नखेत्र लावायचा. तो गाव सोडून गेला तेव्हा बहीणभावांनी तसं ठरवलंच होतं.

त्या वर्षीही तिने ते पेटवलं आणि वाड्यावर, आमच्या त्या छोट्या वस्तीत, कुजबुज सुरू झाली... भाऊ तिकडे, म्हणजे ही विमानांना खूण करते. कराचीचं बंदर पेटल्याची बातमी रेडिओवर आली होती, वाड्यावर साखर वाटून झाली होती, आणि त्याच संध्याकाळी माणसं काठ्या घेऊन तिच्या अंगणात जमली. बाबांचा हात घट्ट धरून मी उभी होते. बाबांनी हलक्या आवाजात तिला दिवा मालवायला सांगितलं. तिने तो मालवला, आणि अंधारातूनच म्हणाली,

"बाब, तांच्या विमानांक म्हजें नखेत्र दिसता, जाल्यार आमच्या विमानांक म्हज्या भावाचें दिसचें ना?"

माणसं एकेक करून पांगली. माझी भीती मात्र गेली नाही, दुप्पट झाली; वर घरघर ऐकू आली की हे विमान कुणाच्या अंगणावर चाललंय, हा विचार पाठ सोडायचा नाही.

लढाई नाताळाआधीच थांबली. रोझाबायने नखेत्र पुन्हा टांगलं, पण भावाची खबर कळल्याशिवाय पेटवणार नाही म्हणाली. खबर आलीच नाही. ती होती तोवर दर डिसेंबरात नवं, न पेटलेलं नखेत्र फणसावर वाऱ्याने हलत राहायचं.

आता फणसही नाही... टीव्हीवर पुन्हा विमानं दिसू लागली की माझा हात नकळत दिव्याच्या बटणाकडे जातो. परवा नातू कुशीत शिरला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, "आजी, तिकडे कोण राहतं?"

"आमच्या रोझाबायचा भाऊ," मी म्हटलं.