घाटावर न उतरलेले कावळे

११ फेब्रुवारी २०२४. सव्वीस कावळे, दोन घारी, एक कुत्री.

राहाता तालुक्यातल्या एका गावाबाहेर, घाटाकडच्या वाटेवरच्या चिंचेखाली, प्रज्ञा साळवेने ही प्रेते मोजली तेव्हा तिच्या खांद्याला प्रोजेक्टरची पिशवी होती. ती तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे आणि रविवारी गावोगाव फिरून, देवळाच्या किंवा विहाराच्या भिंतीवर चादर टांगून, पशुपक्षी आणि बदलते हवामान यांवर बोलत असे. हे गाव तर तिचे माहेरच. इथल्या बौद्ध वस्तीत ती वाढली होती.

दोन रात्रींपूर्वी बिबट्याने लंकाबाईची शेळी मारून अर्धी खाल्ली होती. तो उरलेले खायला परत येईल, या हिशेबाने कुणीतरी त्या धडावर पिकाचे कीटकनाशक ओतले. बिबट्या आलाच नाही, पाखरे आली. लंकाबाई गावातल्या कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याकडे मजुरी करी, आणि औषध त्यानेच टाकले हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तोंडाने मात्र कुणी बोलत नव्हते.

कानिफनाथाची आई बनाबाई ही प्रज्ञाची पहिल्या रांगेतली श्रोती. "तुझ्या चादरीवरचा बिबट्या लई गुणाचा हाय गं," ती भर सभेत म्हणायची, "आमच्या उसातला तेवढा शिकल्याला न्हाई!" लोक हसत, प्रज्ञाही हसे. पण सभा उठल्यावर म्हातारी तिला थांबवून घेई आणि न समजलेले पुन्हा सांगायला लावी.

त्याच आठवड्यात बनाबाई झोपेतच गेली.

दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर सगळे गाव जमले. पिंड मांडला गेला, प्रवचन झाले, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या संपत आल्या, तरी एकही कावळा उतरेना. ऊन चढू लागले. मुंडन केलेला कानिफनाथ हात जोडून आभाळाकडे बघत होता.

"आई, धाकटीचं माहेर तुटू देनार न्हाई... तुझी गाय इकनार न्हाई..."

"अरं, म्हातारीचा जीव कशात अडकलाय ते आठव की!" गर्दीतून एकजण ओरडला.

"च्याच्या कपात असंल," मागून कुणीतरी पुटपुटले. हसू दाबले गेले. कानिफनाथाला मात्र रडू फुटले. आपण आईचे नेमके काय करायचे ठेवले, हे त्याला उमगत नव्हते. दर्भाचा कावळा करावा म्हणून गुरुजींनी हातात दर्भ घेतला.

तेवढ्यात माईक प्रज्ञाच्या हाती आला. "ताई, दोन शब्द."

कावळे का येत नाहीत, हे तिला माहीत होते. पण आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारल्यापासून तिच्या घरात हा विधी नव्हता. एक शब्द वाकडा गेला तर 'आमच्या दुःखात आमच्या धर्माची टिंगल करायला आली' असे होईल, आणि या गावात चादर टांगायला तिला पुन्हा भिंत मिळणार नाही. गप्प राहिले, तर पुढची शेळी मेल्यावर तेच औषध पुन्हा बाहेर निघेल. शिवाय शोकात बुडालेल्या माणसाला सांगितलेले सत्य आणि त्याला मारलेला तडाखा यांत अंतर किती, हेही तिला ठरवता येईना.

"कानिफदादा," ती म्हणाली, "आजी तुमच्यावर रुसलेल्या नाहीत. त्यांचं काही अडलेलं नाही. गावचे बरेचसे कावळे मेले. राहिलेत ते इकडं फिरकायला भितात. कावळा आपल्यातला कुणी मेलेला पाहिला की गोळा होतो, ओरडतो आणि ती जागा टाळतो. अभ्यासकांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. आजी असत्या तर त्यांनी मला विचारलं असतं, का मेले म्हणून. मी सांगितलं असतं, विषानं."

कुणाचे विष, ते तिने सांगितले नाही. एक पुढारी घसा खाकरून उठू लागला, पण कानिफनाथाने त्याला हातानेच थांबवले.

"औषध म्या टाकलं हुतं," तो म्हणाला. "मला वाटलं, आईच रागावली. हे माझंच हाय."

गुरुजींनी दर्भाचा कावळा पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. त्याला कुणी उणे म्हटले नाही.

पुढच्या रविवारी चादर देवळाच्याच भिंतीवर टांगली गेली, आणि खिळा ठोकायला कानिफनाथ स्वतः आला. जनावर मेले तर हात न लावता आधी वनरक्षकाला कळवायचे आणि पंचनामा झाला की पुरायचे, असे त्या सभेत ठरले. पावसाळ्यापूर्वी वस्तीवरच्या गोठ्यांना जाळी बसली. त्यानंतर एका घरची कालवड बिबट्याने मारली, तेव्हा पंचनामा झाला, भरपाई मिळाली, औषधाचा डबा कुणी उघडला नाही. चिंचेवर कावळ्यांच्या एका जोडीने घरटे केले.

जाळीच्या कामावर लंकाबाईही होती. "माझी शेळी दोनदा मेली बगा," ती प्रज्ञाला म्हणाली. "एकदा बिबट्यानं खाल्ली. दुसऱ्यांदा तुमच्या सभेतल्या मान्सांनी इख वतलं, मंग पंचनामा कशाचा नि भरपाई कशाची?"

प्रज्ञाने ग्रामसभेत दोनदा हा विषय मांडला. दोन्ही वेळा माना डोलल्या.

त्या शेळीची भरपाई लंकाबाईला अद्याप कुणीही दिलेली नाही.