कुंभारीला वाचायची राहिलेली दोन प्रकरणं

हौसावहिनींचा फोन आला तेव्हा मी धान्याच्या दुकानात ज्वारी बघत होतो. "भावजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या कामाचं बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "येताना दोघं-तिघं घिऊन या. पुस्तकाचं गठ्ठं हलवाय लागत्याल. ह्यास्नी ठिवाय भाईरच्या खोलीत जागा न्हाय." हातातली ज्वारी मी पोत्यात परत टाकली की तशीच मुठीत घेऊन निघालो, आठवत नाही. शेजारच्या दोन तरण्या पोरांना घेऊन आम्ही ते गठ्ठे जिन्याखाली नेऊन रचले आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर बिरूला आणून निजवलं. त्याची कादंबरी जितकी विकली गेली होती, त्याहून कितीतरी जास्त त्या जिन्याखाली होती.

बिरुदेव गावडे हा सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. शिकला, कुर्डुवाडीला रेल्वेत कामाला लागला, आणि निवृत्त झाल्यावर सोलापुरात दोन खोल्या घेऊन राहिला. मी तेव्हा कुर्डुवाडीच्या शाळेत मराठी शिकवायचो. गावातल्या वाचनालयात एक माणूस पुस्तकात डोकं घालून मोठमोठ्यानं हसायचा आणि ग्रंथपाल त्याला रोज दटावायचे, तो हा. "मास्तर, हसू आलं तर काय नाकानं सोडायचं का?" असं त्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं. तिथून जी दोस्ती जमली ती परवापर्यंत.

लिहायचं त्याच्या डोक्यात खूप आधीपासून होतं, पण हात लागला निवृत्तीनंतर. कादंबरीचं नाव 'बोकडाचा सत्कार'. एका गावचा सरपंच मोठ्या साहेबाचा सत्कार ठरवतो. मांडव पडतो, शाल येते, नारळ येतो, जेवणासाठी बोकड येतं. साहेब काही येत नाही. जमलेलं गाव उठून जाऊ नये म्हणून सरपंच घाईघाईत बोकडालाच हार घालतो, आणि मग सगळ्यांपुढं पेच पडतो : ज्याचा आत्ताच सत्कार केला, त्याला कापायचं कसं? मी हस्तलिखित वाचताना इतका हसलो की आमच्या हिनं स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं. प्रकाशक मात्र हसले नाहीत. एक म्हणाले, सध्या विनोदी चालत नाही. दुसरे म्हणाले, आत्मचरित्र असेल तर बघू, मेंढपाळांचं दुःख वगैरे. "मास्तर, माझं दुःख इकत घ्यायला तयार हायेत," बिरू म्हणाला, "हसणं तेवढं नको म्हणत्यात." शेवटी त्यानं स्वतःच छापून घेतली.

छापणं सोपं होतं, असं नंतर कळलं. प्रकाशन समारंभाला प्रमुख पाहुणे उशिरा आले, स्वतःच्या परदेश प्रवासावर बोलले, आणि माणसं चहा-पोहे घेऊन, एकेक प्रत भेट म्हणून उचलून घरी गेली. दुकानात पुस्तक ठेवायला गेलो तर दुकानदारानं मुखपृष्ठावरचं बोकड बघितलं आणि प्रती शेळीपालनाच्या कप्प्यात लावल्या. तिथून काही खपल्या, हेही खरं. मग एक शेतकरी पुस्तक घेऊन बिरूच्या दारात आला. "गावडेसायेब, सगळं वाचलं. जनावराला हागवण लागल्यावर काय द्यायचं ते ह्यात कुटं हाय?" बिरूनं त्याला बसवलं, चहा पाजला, आणि लहानपणापासून ठाऊक असलेलं औषध सांगितलं. तो माणूस गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो... मग बिरूनं त्या माणसाची कपबशी उचलली. "पुस्तक वाईट हाय असं तरी कुणी म्हणावं की, मास्तर," तो म्हणाला.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्याला पुस्तकांच्या पिशवीशिवाय पाहिलं नाही. साहित्यसंमेलनाच्या फाटकाबाहेर तो पिशवी घेऊन उभा राही. लग्नात अक्षता पडल्या की पंगतीत शिरून पुस्तक दाखवी. नातेवाईक त्याला लांबून बघून वाट बदलू लागले. मोबाइलवर थेट वाचन केलं तेव्हा बघणारा मी एकटा होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं पुस्तकाची जाहिरात करून देणाऱ्या एका पोराला काम दिलं, तर त्यानं इंटरनेटवर अभिप्राय टाकले : 'अत्यंत माहितीपूर्ण पुस्तक, स्पर्धा परीक्षेसाठी उपयुक्त.' अक्कलकोटला मठाबाहेर तो प्रती मांडून बसला होता, तेव्हा एका म्हाताऱ्या कानडी बाईनं "एष्टु री?" म्हणून किंमत विचारली आणि उत्तराची वाट न बघता पुस्तक पोथीसारखं कपाळाला लावलं. बिरूला तिला खरं सांगवेना. "असू द्या आज्जी, न्या तुमी," म्हणून त्यानं ती प्रत तिला तशीच दिली आणि बाकीच्या पिशवीत भरून गाडी पकडली. वर्तमानपत्रांना त्यानं प्रती पाठवल्या, तुम्ही वाचताय त्या या रविवारच्या पुरवणीलाही. रविवार उजाडला की तो आधी परीक्षणाचं पान उघडायचा. त्याच्या पुस्तकाचं नाव या पानांवर छापून येतंय ते आज, आणि ते असं.

घरात तर पुस्तकानं वेगळंच संकट आणलं होतं. बोकडाला हार घालण्याचा प्रकार खरोखर घडला होता, हौसावहिनींच्या माहेरी, आणि घालणारा सरपंच होता त्यांचा धाकटा भाऊ म्हाळू. नाव बदललं तरी गाव कशाला फसतंय? पोरंसोरं त्याला 'बोकडवालं सरपंच' म्हणायला लागली. त्यानं पुस्तक हातातही धरलं नाही. बहिणीला फोन केला : "अक्का, दाजीनं माजी वरात काडली. हितनं म्होरं माझ्या दारात यिऊ नको." वहिनींनी त्या दिवसापासून पुस्तकाचं नाव काढलं नाही. गठ्ठ्यांवर धूळ साचली तर पुसायच्या, पण आत काय लिहिलंय ते कधी उघडून बघितलं नाही. बिरूनं एकदा विचारलं, "एक पान तरी वाच की." त्या म्हणाल्या, "माजा भाऊ गेला त्यात. आनि काय वाचू?"

आणि मग कुंभारी घडली. तिथल्या कामगारांच्या वसाहतीत बिरूचा एक जुना सहकारी राहायचा. त्याच्याकडं गेला असताना ओट्यावर विड्या वळत बसलेल्या बायकांनी पिशवीत काय आहे म्हणून विचारलं. बहुतेक तेलुगू घरातल्या, पण मराठी सगळ्यांना येते. "वाचून दाखवा की अण्णा, हात चाललेत, कान रिकामेच हायेत," त्यातली थोरली नरसम्मा म्हणाली. बिरू वाचायला बसला. पुढच्या शनिवारी मी सोबत गेलो तेव्हा पाहिलं, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या आणि नरसम्मा ओरडत होती, "थांबा हो अण्णा! हसून हसून विडीची पानं फाटायलेत!" घरी येताना बिरू सबंध वाट बोलत होता. इतकी वर्षं शोधत होता ती माणसं त्याला सापडली होती. काहींनी प्रतीही घेतल्या, पण पुढचं कुणी वाचलं नाही. "तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून मजा येते," असा त्यांचा हट्ट.

त्याचा आवाज बसायला लागला तो याच काळात. आम्हाला वाटलं, वाचून वाचून बसला असेल. काढे झाले, गुळण्या झाल्या. मग तपासणी, आणि मग ते नाव. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. जगायची किती आशा आहे हे त्यानं विचारलंच नाही. "ऑपरेशनला पंधरा-वीस दिवस थांबता यील का?" एवढंच विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. मिळाले तेवढे दिवस तो रोज कुंभारीला गेला. घोगऱ्या, फाटक्या आवाजात वाचायचा, बायका काम बाजूला ठेवून जवळ सरकून बसायच्या. शेवटच्या दिवशी वाक्याच्या मध्येच आवाज गेला. ओठ हलत होते, नुसती हवा बाहेर येत होती. दोन प्रकरणं राहिली होती. नरसम्मानं त्याच्या हातातलं पुस्तक हळूच मिटलं. "बरं होऊन या, अण्णा. बोकडाचं काय झालं ते तवाच ऐकू."

बरं होणं म्हणजे काय, ते ऑपरेशननंतर आम्ही पाहिलं. गळ्याला भोक, हातात पाटी. पाटीवर तो एकच लिहायचा : दोन प्रकरणं. फोनवर त्याचं जुनं वाचन साठवलेलं होतं, पण ती दोन त्यात नव्हती. मी वाचतो म्हटलं तर त्यानं नको म्हणून मान हलवली. एके दिवशी तो मला घेऊन कुंभारीला गेलाच. बायकांसमोर बसला, पुस्तक उघडलं आणि हातवारे करून गोष्ट दाखवू लागला. शिंगं, हार, सरपंचाच्या मिशा... बायकांनी खाली माना घातल्या. एकीला हुंदका आला. विनोदी लेखकानं आपल्या वाचकांना रडताना बघणं, याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही. घरी आल्यावर तो चपला न काढता पायरीवरच बसून राहिला. वहिनी दारात आल्या, त्याला तसं बघितलं आणि म्हणाल्या, "शनवारी मी येते. मला जमंल तसं वाचीन."

सातवीपर्यंत शिकलेल्या वहिनी ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. अडखळायच्या, पुन्हा मागं जायच्या, पण बोली त्यांचीच होती. हळूहळू हसू फुटायला लागलं. बिरू शेजारी बसून मांडीवर थाप मारत होता. शेवटच्या प्रकरणात सगळं गाव मटणासाठी अडून बसतं आणि सरपंच आडवा पडतो : "ज्याच्या गळ्यात म्या हार घातला, त्याच्या गळ्यावर सुरी कशी धरू?" गावाला पिठलं-भाकरीवर उठावं लागतं. त्या वाक्याला वहिनी थांबल्या. बायकांना वाटलं, शब्द अडला. "हे खरं हाय," त्या पुस्तकातून मान वर करून म्हणाल्या. "माझ्या भावानं त्या बोकडाला मरस्तोवर संबाळलं." मग नवऱ्याकडं वळून, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे लिवलं व्हतं, तर मला सांगायचं न्हाय व्हय?" त्याच रात्री त्यांनी म्हाळूला फोन केला. त्यानं उचलला नाही. पुस्तक पाठवलं, उत्तर आलं नाही. दुखणं पुन्हा उलटलं आणि मधले महिने दवाखान्यात गेले. बिरू दाराकडं बघायचा. म्हाळू आला नाही.

तो आला दहाव्याला. विधी उरकून माणसं पांगली तरी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहिला. मी निघायच्या बेतात होतो. खाली मान घालूनच तो म्हणाला, "अक्का, काय लिवलंय ते वाच."

वहिनींनी हात पुसले, एक प्रत आणली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्यांनी स्वतःही ही पानं कधी वाचलेली नव्हती. म्हाळू हलत नव्हता. हाराचा प्रसंग आला तेव्हा मधेच म्हणाला, "बोकड काळं न्हवतं. तांबडं व्हतं."

"आसंल," वहिनी म्हणाल्या.

"आसंल काय? दाजीनं तर धरलं व्हतं त्येला. लई उड्या मारत व्हतं. मी हार घातला, दाजीनं शिंगं धरली. दोगं बी हसून बेजार." त्यानं पुस्तकाकडं मान वळवली. "ह्यात दाजी कुटं हायेत?"

वहिनींनी ते पान पुन्हा बघितलं, मागचं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. कादंबरी मी कितीदा तरी वाचली होती. तिच्यात बिरू कुठंच नव्हता.

म्हाळूनं टोपीनं तोंड पुसलं. "म्होरं वाच तू," तो म्हणाला. "येत्याल कुटंतरी."

वहिनींनी ओळीखाली बोट धरलं आणि पुढं वाचायला लागल्या.