शनिवारपर्यंतचं क्लोरीन

आमच्या घरात सगळेच नोकरदार. वडील कचेरीतून आले की म्हणायचे, काम राहिलं तर राहू दे, रजिस्टर कोरं दिसता कामा नये. मी ग्रामसेवक झालो आणि त्यांची एवढी एकच शिकवण मनापासून पाळली.

घाटंजीकडचं एक गाव माझ्याकडे होतं. कागदावर माझा मुक्काम गावातच. खरं तर मी यवतमाळहून एसटीनं अप-डाउन करायचो. टाकीत रोज ब्लीचिंग पावडर टाकायची, नळाचं पाणी तपासायचं आणि रजिस्टरमध्ये 'क्लोरीन आहे' असं लिहायचं, हा नियम. पावडर टाकायचे ते नळ सोडणारे काका. तपासून लिहायचं काम माझं. आता रोज कोण लिहीत बसणार? सोमवारी एका बैठकीत मी शनिवारपर्यंतचे रकाने भरून टाकायचो.

एका आठवड्यात सोमवारच्या आधीच पावडर संपली होती. काकांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी "आणतो" म्हणालो. सोमवारी रकाने मात्र न चुकता भरले.

गुरुवारी सकाळी सरपंचबाईंचा फोन आला.

"साहेब, कुठं हाये तुमी? गावात हगवण लागली. अकरा जण शाळेत सलाईनवर हायेत. डॉक्टरीणबाई पाण्याचं रजिस्टर मागून राह्यल्या, अन् कपाटाची चाबी तुमच्याजवळ!"

बसमध्ये जागा होती, तरी मला बसवेना. खरं सांगतो, त्या अकरा जणांच्या आधी मला शुक्रवार-शनिवारची काळजी लागली. आज गुरुवार, आणि माझ्या अक्षरात परवाचंही पाणी तपासून झालेलं! चौकशी, निलंबन, भाऊबंदांत छी-थू. वाटेत ड्रायव्हर चहाला उतरला, तर मी त्याच्यावरच खेकसलो, "लोकांच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" असं विचारायला मला लाजही वाटली नाही. मी ठरवून टाकलं होतं, आधी ऑफिसात शिरायचं, ते पान फाडायचं, मगच शाळेत जायचं.

ऑफिसच्या पायरीवर काका बसले होते. त्यांची चार वर्षांची नातही सलाईनवर होती. आता हे शिव्या घालणार, या भीतीनं मी खाली मान घालून आत शिरलो आणि कपाट उघडून रजिस्टर काढलं. पण काका मागोमाग आत आले आणि हळूच म्हणाले,

"साहेब, पावडर सरली तवापासून आमी घरी पाणी उकळूनच पेत होतो. सोमवारी तुमी लिवत होते तवा पाह्यलं म्या, शनवारपर्यंत 'आहे' लिवलं. मले वाटलं, साहेबानं सोताच पावडर आणून सगळ्या हप्त्याची एकदमच टाकून देल्ली. मंग घरी सांगतलं, वस्तीतबी सांगतलं, आता उकळू नका. मंग हे झालं काहून?"

पान फाडायला काढलेलं रजिस्टर मी मिटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. "रजिस्टर भरलेलं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हाय ना मॅडम," काकाच म्हणाले. "आमचे साहेब रजिस्टर कधी मागं ठेवत नाईत."

मी ते पान उघडून बाईंच्या हातात दिलं आणि पावडर आणलीच नव्हती, हे सांगितलं. बाईंना सांगितलं. काकांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.